नाताळची मुंबई बघायची आहे, सासूबाई आणि दोन पोरं बरोबर. कधी जावं, कसं जावं?

विश्रामबागची_सूनबाई (सांगली)

नमस्कार मंडळी, दसरा झाला न झाला तोवर आमच्याकडं एकच घोषा सुरू झालाय, नाताळात मुंबईला जायचं. लेकीच्या वर्गातली एक पोरगी मागच्या वर्षी वांद्र्याला जाऊन आली आणि तिनं फोटो दाखवून दाखवून हिचं डोकं फिरवलंय. लेक पाचवीत, नाताळची सुट्टी 24 पासनं. धाकटा बालवाडीत, त्याला लाइटिंग दिसलं की झालं.

अडचण तारखांची आहे. 23 ला दत्त जयंती, सासूबाई औदुंबरला जाणार म्हणजे जाणार. 24 ला मार्गशीर्षातला गुरुवार, घट घरातच मांडायचा असतो. मग 31 ला परत गुरुवार, त्याच्या आत घरी पाहिजे. आमचे हे म्हणतात 25 ला पहाटे गाडी काढू, संध्याकाळी वांद्र्यात लाइटिंग बघू, रविवारी परत. मला ते काय पटंना.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. अंडं चालत नाही. बजेट बेताचं. राहायचं कुठं, आणि मुख्य म्हणजे आपण ख्रिश्चन नाही तर चर्चमध्ये आत गेलेलं चालतं का? उगीच कुणाला अवघडल्यासारखं नको व्हायला.

कराडचा_गिरगावकर

ताई, साहेबांना सांगा 25 ची संध्याकाळ आणि वांद्र्याचा हिल रोड हा बेत डोक्यातनं काढा. 24 आणि 25 ला रात्री तिथं रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकते, पोरगं कडेवर आणि म्हातारं माणूस हाताला धरून त्या गर्दीत तुम्ही घरांवरच्या कागदी चांदण्या बघणार का पायाखाली बघणार. वांद्रा रेक्लमेशनला पण समुद्राच्या कडेनं मोठी रोषणाई करतात, तिथंही त्या दिवसांत तोबा गर्दी.

आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की 25 झाली की नाताळ संपला. तसं नसतं ओ. 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो, तोपर्यंत बऱ्याच घरांवरच्या चांदण्या आणि चर्चमधला गव्हाणीचा देखावा तसाच असतो. म्हणून माझं ऐका, 27 ला रविवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघा, सोमवार मंगळवार बुधवार मुंबई, बुधवारी 30 ला रात्रीच परतीची महालक्ष्मी धरा. 31 ला सकाळी सांगलीत, घट मांडायला वेळेत. लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक पण चुकला आणि क्रॉफर्ड मार्केट रविवारी बहुतेक बंद असतं तीही कटकट नाही.

वांद्र्याला सोमवारी दुपारी जा, बारा ते तीनमध्ये लोकलला त्यातल्या त्यात जागा असते. स्टेशनबाहेरनं रिक्षा करून थेट माउंट मेरी चर्चच्या दारात उतरा, पायऱ्यांची वाट वेगळी आहे तिकडनं जाऊ नका, रिक्षा वरपर्यंत जाते. आत्ताची इमारत 1904 ची, मूर्ती त्याहून कितीतरी जुनी. बाहेर मेणाच्या वस्तू विकतात त्या पोरांना जरूर दाखवा, मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर, बाळ, ज्याचा जो नवस ती वस्तू घेऊन लोक आत वाहतात, आणि वाहणाऱ्यांत निम्मे आपल्यासारखेच असतात. सासूबाईंना अजिबात परकं वाटणार नाही, बहुतेक त्याच गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेतील बघा 😄 तिथनं खाली रानवार गावठाणात अंधार पडताना चालत फिरा, गल्ल्या अरुंद, जुन्या बंगलीवजा घरांना लाकडी जिने, आणि प्रत्येक दारात कागदी चांदणी.

पण मला विचाराल तर वांद्र्यापेक्षा आमची खोताची वाडी बघा, गिरगावातली जुनी ख्रिश्चन वस्ती. पूर्वी साठच्या वर घरं होती, आता निम्मीही उरली नाहीत, चारी बाजूंनी टॉवर आलेत. एक घर निळं, एक पिवळं, लाकडी गॅलरी, गॅलरीला लाल चांदणी आणि खाली कट्ट्यावर म्हातारा पेपर वाचत बसलेला. फक्त ती माणसांची राहती घरं आहेत, खिडकीत मोबाईल घालून फोटो काढू नका. लोक वैतागलेत ह्याला.

राजवाडा_चौपाटी (सातारा)

गाडीचं नाव काढू नका वहिनी. 25 शुक्रवार म्हणजे जोडून तीन दिवस सुट्टी. सगळी मुंबई-पुणं आमच्याकडं येणार, सुरूर फाट्यापासनं पसरणीचा घाट गच्च, पाचगणीत बाजारपेठेतनं गाडी हलत नाही, आणि रविवारी दुपारनंतर ही सगळी वरात खंबाटकीतनं परत निघती. तुम्ही रविवारी मुंबईहून खाली येताना वाट मोकळी असंल पण जाताना पुण्यात आणि एक्सप्रेसवेला काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. वर मुंबईत गेल्यावर गाडी लावायची कुठं? गिरगावात पार्किंग मिळालं तर मला सांगा, मी सत्कार करतो.

ट्रेन नाहीच मिळाली तर एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, सासूबाईंना 75 पूर्ण असतील तर त्यांचा प्रवास फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा. ट्रॅव्हल्सवाले त्या आठवड्यात तोंडाला येईल तो दर सांगतात.

मिरजेचा_पेटीवाला

मी ख्रिश्चन आहे, मिरजेचा, म्हणून चर्चच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. ताई, बिनधास्त जा. कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे, मोबाईल सायलेंट, उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसायचं आणि सगळे उभे राहिले की उभं राहायचं, एवढंच. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, शेवटी शेवटी लोक रांगेनं पुढं जाऊन प्रसाद घेतात असं दिसेल, त्या रांगेत मात्र जायचं नाही, तो फक्त त्यांच्या सभासदांसाठी असतो. पोरं प्रसाद म्हटलं की पुढं पळतात म्हणून आधीच सांगून ठेवा.

आणि भाषेचं पण टेन्शन घेऊ नका, मुंबईत काही चर्चमध्ये मराठीत मिस्सा असते. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिश्चन लोक, घरात त्यांची त्यांची मराठी बोलतात.

पण गिरगावकर भाऊंचं मला एक पटलं नाही. 28 ला जाऊन तुम्हाला चांदण्या दिसतील, दुकानं दिसतील, नाताळ दिसणार नाही. नाताळ म्हणजे 24 ची रात्र आणि 25 ची सकाळ. त्यासाठी मुंबईला कशाला जायला पाहिजे? मिरजेत 1894 ला वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं, त्याच्या आसपास आमची जुनी वस्ती आहे. आदल्या आठवड्यात कॅरलवाली पोरं रात्री घरोघर फिरतात, पेटी, ढोलकी, डफ, गाणी सगळी मराठीत आणि काही चाली तर सरळ भजनाच्या, पहाटेपर्यंत चहा ढोसत फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. 25 ला सकाळची उपासना, नवे कपडे, मग घरोघर करंज्या-चकल्यांची ताटं. गुरुवारी संध्याकाळी पूजा झाली की विश्रामबागेतनं मिरजेला यायला कितीसा वेळ लागतोय. आधी इथला नाताळ बघा मग मुंबईची लाइटिंग बघा, पोरीला दोन्हीतला फरक कळंल.

कराडचा_गिरगावकर

पेटीवाले, हे मात्र मान्य 🙏 दोन्ही करा ताई.

कृष्णाकाठचा_वांगंवाला

एवढा खर्च करून लाइटिंगच बघायची तर गणपतीत सांगलीत काय कमी असती का

विश्रामबागची_सूनबाई

वांगंवाले दादा, हेच माझ्या लेकीला येऊन सांगा, मी चहा ठेवते.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेचं तर ध्यानातच आलं नव्हतं, 24 ला रात्री नक्की येतो. ह्यांना 28 ते 30 चा बेत दाखवला, आधी तोंड वाकडं केलं मग खंबाटकीचं वाचून दाखवल्यावर गप्प बसले. आता दोन गोष्टी राहिल्या. गाडी सकाळी सातच्या सुमाराला पोचती आणि लॉजवाले बारा वाजता खोली देतात, तोवर सासूबाईंना घेऊन कुठं बसायचं? आणि त्या केकमध्ये अंडं असतं का, दारू असते का, त्या विचारत होत्या (दारूचं ह्यांनी विचारलं, खरं सांगायचं तर).

तासगावची_पोर (सध्या मुंबई)

काकी, लॉज दादर किंवा गिरगावात बघा, वांद्र्यात त्या दिवसांत परवडायचं नाही. बुक करायच्या आधी फोन करून विचारा की चोवीस तासांचं चेक-इन आहे का, जुन्या मराठी लॉजमध्ये बऱ्याचदा असतं, म्हणजे सकाळी सातला खोलीत गेलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. नसेल तर सीएसएमटीला क्लोकरूममध्ये बॅगा टाका, बॅगेला कुलूप लागतं नाहीतर घेत नाहीत, आणि वेटिंग रूममध्ये आवरून बाहेर पडा.

फिरायला आता भुयारी मेट्रो झालीय, सीएसएमटी, गिरगाव, दादर, सिद्धिविनायक सगळं एका लाइनवर आणि प्रत्येक ठिकाणी लिफ्ट, गुडघ्यांना त्याच्यासारखं सुख नाही. वांद्र्याच्या चर्चकडं मात्र लोकलच. रिक्षा माहीमच्या अलीकडं चालत नाही, दादर-गिरगावात काळी-पिवळी टॅक्सीच करावी लागंल, मीटर टाकायला लावा.

केकचं सांगते. खरा प्लम केक म्हणजे मनुका, बेदाणे, संत्र्याची साल हे सगळं कित्येक आठवडे रममध्ये मुरवलेलं, आणि अंडं तर असतंच. काकांना आवडेल 😂 आजींसाठी एगलेस वेगळा मिळतो, पण त्यात रम आहे का हे पण वेगळं विचारायचं, एगलेस म्हटलं की रम नाही असं नसतं. त्यापेक्षा त्यांच्यासाठी पेरूचं चीज घ्या, नावाला चीज, आहे पेरूची वडीच, लाल, चिवट, दाताला चिकटणारी. कलकल पण घ्या, शंकरपाळ्याचंच भावंड, काट्याच्या चमच्यावर वळून शिंपल्यासारखा आकार देतात आणि वर साखर. त्यात पण कुणी कुणी अंडं घालतं म्हणून विचारून. घरगुती करणाऱ्या बायका 25 च्या आधी ऑर्डरी घेतात, 28 ला दुकानात जे असंल तेच मिळंल एवढी तयारी ठेवा.

चांदण्या आणि झाडाचं सामान क्रॉफर्ड मार्केटात, सण होऊन गेल्यावर भाव करायला वाव असतो. घासाघीस आजींना करू द्या. मंगळवारी सकाळी तेवढं उरका आणि मग खोताची वाडी. भूक लागली की ठाकूरद्वारला मिसळ आहे, आपल्यासारखी तिखट नाही हे आधीच सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. घारापुरीची बोट डोक्यात असेल तर सोमवारी लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीची बाग बंद, त्याप्रमाणं बसवा. स्वेटर एकच घ्या, तोही ट्रेनसाठी.

आणि काकी, रिझर्व्हेशन! साठ दिवस आधी उघडतं. 27 डिसेंबरचं 28 ऑक्टोबरला सकाळी आठला आणि परतीचं 30 चं 31 ऑक्टोबरला. आठ वाजता म्हणजे आठलाच, सव्वाआठला वेटिंग दिसायला लागतं, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंग कन्फर्म झालं नाही तर आपोआप कॅन्सल होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. आजींचं वय बरोबर टाका म्हणजे खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त. तत्काळच्या भरवशावर राहू नका, आणि आधार आत्ताच तिकिटाच्या खात्याला लिंक करून ठेवा, त्याशिवाय आता ऑनलाइन तत्काळ निघत नाही.

विश्रामबागची_सूनबाई

28 ला सकाळी आठ म्हणजे पोरांची रिक्षा यायची वेळ. ह्यांना बसवते मोबाईल घेऊन, मी डबे भरते. लिंकचं आज रात्रीच करून टाकतो.