एकत्रित इंडेक्समधील कॉलमांचा क्रम
डेटाबेसमधील शोध वेगवान करण्यासाठी क्वेरीतील (डेटाबेसला केलेल्या विचारणेतील) प्रत्येक कॉलमवर स्वतंत्र इंडेक्स (नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) तयार करावा, अशी सूचना या चर्चेत आली आहे; ती मला पटत नाही. आडनाव आणि शहर अशा क्रमाने केलेला एकत्रित (एकाहून अधिक कॉलमांचा) बी-ट्री इंडेक्स, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेतला क्रमवार इंडेक्स, आधी आडनावाने आणि एकाच आडनावाच्या नोंदींत शहराने लावलेला असतो. त्यामुळे नुसत्या आडनावावरील किंवा दोन्हींवरील शोध थेट योग्य पानापर्यंत पोहोचतो, परंतु केवळ शहरावरील शोधाला त्याचा सहसा उपयोग होत नाही. शिवाय नवी ओळ घालताना टेबलावरील इंडेक्सही अद्ययावत करावे लागतात, हा खर्च या चर्चेत कुणी धरलेलाच दिसत नाही. तसेच क्वेरीच्या अटीत तारखेतून वर्ष काढून २०२३ शी तुलना केली, तर तारखेवरचा साधा इंडेक्स बहुधा वाया जातो. त्याऐवजी १ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंत, अशी अट लिहावी.