अनुभव धागा: दारू प्यायचं कायदेशीर वय वाढवावं का?

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा 17 वर्षांचा, आणि त्याआधी तो पबमध्ये होता, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "दारूचं वय 25 करा." महाराष्ट्रात ते आहेच हो 25! सौम्य बिअर आणि वाइनला 21, बाकी सगळ्याला 25, शिवाय प्यायचा परवाना लागतो तो वेगळाच. 2011 साली राज्याचं व्यसनमुक्ती धोरण आलं तेव्हा या आकड्यावरून केवढा गदारोळ झाला होता, पण आज विचारलं तर निम्म्या लोकांना तो ठाऊक नसतो.

माझा थोरला दहावीत आहे, त्यामुळे मला हा विषय घरचाच आहे. मतं पुष्कळ ऐकली. इथे अनुभव लिहा. नाव नको, गाव आणि काम तेवढं सांगा, म्हणजे कोण कुठून बोलतंय ते कळेल.

पूर्वी परमिट रूममध्ये वेटर, नाशिक

ताई, परवान्याचं मी सांगतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला 5 रुपये आणि देशीला 2 रुपये, वर्षाचा 100, आजन्म 1000. माझ्या वेळचे दर हे. गिऱ्हाईकानं तो मागितलेला मी कधी पाहिला नाही. रात्री शटर अर्धं खाली आलं की मॅनेजर परवान्यांचं पुस्तक काढून बसायचा. किती माल खपला आणि किती परवाने फाडले याचा मेळ बसायला हवा, म्हणून सुचतील ती नावं भराभर लिहायचा. वयाच्या रकान्यात कधी 34, कधी 41. टेबलावर बसून गेलेली पोरं मिसरूड फुटलेली, आणि कागदावर सगळे बापे.

एकदा मी एका पोराला आधार कार्ड मागितलं. मालकानं मला आत बोलावून विचारलं, "तू पोलीस आहेस का?" वय 25 चं 30 करा, त्या रकान्यात फरक पडायचा नाही. दंड मालकाच्या खिशातून गेला आणि लायसन्सवर आलं, तरच पडेल.

विद्यार्थी, वय 22, पुणे

18 व्या वर्षी मत देतो, 21 व्या वर्षी लग्न करू शकतो, आणि व्हिस्कीला 25. हे मला पटत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवतो. आमच्या कॉट बेसिसच्या खोल्यांवर काय चालतं ते सांगतो. बिअर कायद्यानं चालते, पण बिअर महाग पडते. चौघांनी काँट्री (वर्गणी) काढून खंबा, म्हणजे दारूची मोठी बाटली, आणला की स्वस्तात काम होतं. घरमालक यायच्या आत संपवायचा असतो, म्हणून पाणी कमी घालून पटापट पितात. कुणी मोठं माणूस नाही, "बास आता" म्हणणारं कुणी नाही. वय वाढवाल तर खोलीचं दार आणखी घट्ट लागेल, एवढंच मला दिसतं.

कॅज्युअल्टीतली नर्स, ठाणे

वरच्या मुलानं लिहिलंय ते आमच्याकडे स्ट्रेचरवर येतं. पोराला किती वाजता कळेनासं झालं असं विचारलं की मित्र एकमेकांकडे बघतात. मग एकजण हळूच सांगतो, दोन-अडीच तास झाले. का थांबलात? "मॅडम, पोलीस केस होईल. आमचं वय बसत नाही." ते अडीच तास जिवावर बेततात. शुद्ध हरपलेला माणूस उताणा झोपलेला असतो, त्यात उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते.

म्हणून वय वाढवा म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि 18 वर आणा असंही मी म्हणणार नाही, कारण 18-19 ची पोरं पिऊन बाईकवर बसतात ती माझ्याच वॉर्डात येतात. कायदा करणाऱ्यांनी एक करावं: मित्राला दवाखान्यात आणणाऱ्या पोराला हात लावायचा नाही, हे स्पष्ट लिहावं आणि कॉलेजा-कॉलेजांत जाऊन सांगावं.

गृहिणी, न्यू जर्सी

इथे सगळीकडे 21. 1984 साली केंद्रानं कायदा केला की जे राज्य वय 21 करणार नाही त्याचा महामार्गांचा निधी कापू, तेव्हा एकेक राज्य वळलं. दुकानात माझे केस पांढरे दिसत असूनही लायसन्स मागतात. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना याचं फार नवल वाटलं. दुकानदार घाबरतो, कारण अल्पवयीन मुलाला विकताना सापडला तर धंदा जातो. मुलं कॉलेजच्या होस्टेलवर चोरून पितातच, ते इथेही थांबलेलं नाही. पण पिऊन गाडी चालवण्याची इथल्या पोरांना खरी धास्ती आहे. ती मला पुण्याला आले की दिसत नाही.

दुकानदार, बांदा (सिंधुदुर्ग)

आमच्याकडे सीमा एवढी जवळ की पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिकडे वयाची अट आपल्यापेक्षा कमी आणि दारू स्वस्त. पोरं बाईकवरून जातात आणि रात्री त्याच हायवेनं परत येतात. दोन राज्यांनी एकत्र बसून काहीतरी ठरवावं, नाहीतर मुंबईत बसून आकडा वाढवला की आमच्या पोरांची फेरी तेवढी वाढणार.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, चंद्रपूर

आमच्या जिल्ह्यात एप्रिल 2015 पासून 2021 पर्यंत पूर्ण दारूबंदी होती. म्हणजे वयाची अट जेवढी वाढवता येते तेवढी वाढवून झाली होती. शेजारी गडचिरोलीत 1993 पासून आहे, वर्ध्यात 1975 पासून. बंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या बायांमध्ये माझी नणंद होती, म्हणून हे लिहिताना जड जातं.

पहिले काही महिने वस्तीत खरंच शांतता होती. संध्याकाळी बाया ओट्यावर बसून बोलायच्या, पगाराचा पैसा घरात यायचा. मग माल चोरून येऊ लागला, दुप्पट-तिप्पट भावानं. आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात पव्वे सापडले, वह्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले. पोरांवर संशय येत नाही म्हणून त्यांनाच पाठवत होते. त्याला पोचवण्याचे पैसे मिळत, आणि ते तो आईच्या हातात देत होता. चोरून विकणारा वय विचारत नाही, हे मी त्या दप्तरात पाहिलं. तरी बंदी उठली त्या दिवशी मला आनंद झाला नाही.

शेतमजूर बाई, सांगली जिल्हा (मुलगी लिहून देतेय)

आई म्हणते, ताई, तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. आमच्या मालकांना (म्हणजे माझ्या बाबांना) पंधराव्या वर्षी जत्रेत पाजली, चुलत्यानंच. पुढचं सगळं तिथून. म्हणून आई म्हणते 25 काय, 30 करा.

गावात देशीचं दुकान बंद करायला बायांनी मतदान मागितलं होतं. आधी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांच्या सह्या लागतात. मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. जिंकायला यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या, माहेरी गेलेल्या, मेलेल्या पण यादीतून न काढलेल्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारख्याच. आम्ही थोडक्यात हरलो. आई म्हणते, वयाचा कायदा नीट पाळणार नसाल तर निदान हा नियम तरी सोपा करा. दुकान शाळेच्या वाटेवर आहे, पोरं रोज तिथूनच जातात.

धागाकर्ती

सांगलीच्या आजींना नमस्कार सांगा. ठाण्याच्या ताईंना एक विचारायचं आहे: मित्र बेशुद्ध पडला तर पोरांनी नेमकं काय करायचं? मला माझ्या मुलाला आजच सांगायचंय.

कॅज्युअल्टीतली नर्स, ठाणे

कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड थोडं जमिनीकडे. उलटी करायला लावू नका, कॉफी किंवा लिंबूपाणी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका. काय प्यायला आणि किती, ते आम्हाला खरं सांगा.