वाचलेले जर्मन समजते, बोललेले समजत नाही

सांगलीकर आजी

माझे वय ६७ आहे. निवृत्तीनंतर मी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची ए-१, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा दिली आणि श्रवणाच्या भागातही मला चांगले गुण मिळाले. गेले दोन महिने मी श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनला मुलीकडे आहे. पाट्या आणि नातीच्या बालवाडीतून आलेली पत्रे मी शब्दकोश घेऊन लावते. पण बेकरीतल्या बाई बोलू लागल्या की आपण शिकलो ती भाषा हीच का, असा प्रश्न पडतो. पाव पिशवीत घातल्यावर त्या रोज मला ‘सोन्श नोएबस’ असे काहीतरी विचारतात. हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही. मी हसून मान हलवते आणि कधी कधी त्यामुळे आणखी एक पाव पदरात पडतो. किंमतही ऐकून कळत नाही, म्हणून सरळ मोठी नोट पुढे करते. मुलगी म्हणते, कानावर पडत राहिले की आपोआप येईल. दोन महिने पडते आहे, येत मात्र नाही. या वयात कान तयार होतो का, आणि त्यासाठी नेमके काय करावे?

जुना मास्तर

आजी, मी पुण्यात बरीच वर्षे जर्मन शिकवले आहे. माझ्या मते यात वयाचा दोष थोडा आणि छापील शब्दावर विसंबण्याचा जास्त आहे. ए-१च्या श्रवण परीक्षेत स्वच्छ, सावकाश ध्वनिमुद्रण असते आणि तीनपैकी दोन भाग दोनदा ऐकवतात; बेकरीत ती सोय नाही. तिथे ‘हाबन’चे ‘हाम’ होते, ‘निश्ट’चे ‘निश’, ‘हास्ट डू’चे ‘हास्टऽ’, आणि ‘आइनऽ’चे नुसते ‘नऽ’ उरते. ‘मुटर’मधला शेवटचा ‘र’ ऐकूच येत नाही, ‘मुटा’ असे काहीसे कानी पडते. ‘टाग’ लिहिलेले ‘टाक’ ऐकू येते. लिहिले तसे वाचायची सवय असलेला आपला कान त्या ‘र’ची वाट पाहत थांबतो आणि तोवर वाक्य पुढे निघून जाते. आपणही ‘काय करतो आहेस’ असे लिहितो आणि ‘काय करतोयस’ असे बोलतो, पण परक्या माणसाला हे कोणी शिकवत नाही.

म्हणून नुसते कानावर पडू देणे पुरेसे नाही. डॉइचे वेले या संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह मिळतात. त्यातले एकच मिनिट मजकूर न पाहता ऐका, ऐकू आले ते चुकीचे वाटले तरी देवनागरीत लिहून काढा, आणि मग मजकुराशी ताडून पाहा. देवनागरी मुद्दाम सांगतो, कारण रोमन लिपीत लिहिताना हात पाठ केलेल्या स्पेलिंगकडे वळतो आणि कानाने काय ऐकले ते लपून जाते. महिनाभराने मात्र या बातम्या सोडा, कारण सावकाश वाचणारा निवेदक शब्द गिळत नाही. त्यानंतर त्याच संस्थेचा ‘निकोस वेक’ हा मोफत अभ्यासक्रम आणि यूट्यूबवरच्या ‘इझी जर्मन’मधल्या रस्त्यावरच्या मुलाखती घ्याव्यात, आधी उपशीर्षके झाकून, मग जर्मन उपशीर्षकांसह.

आकड्यांसाठी इंग्रजी डोक्यातून काढून टाका. ‘फ्युन्फउन्टआख्टसिश’ म्हणजे पाच आणि ऐंशी, हे उलटे वाटते ते इंग्रजीमुळे. आपल्या पंच्याऐंशीतही पाच आधीच येतात. एकोणनव्वदसारखे आकडे तेवढे वेगळे धरावे लागतात.

नेकारकाठची

मीही ५८व्या वर्षी याच भागात आले. तुमचे ‘सोन्श नोएबस’ म्हणजे श्वाबेन या इथल्या प्रदेशाच्या बोलीतले ‘झोन्स्ट नॉख एटवास’, अर्थात ‘आणखी काही हवे का?’ इथे ‘स्ट’चे ‘श्ट’ किंवा ‘श’ होते, ‘नॉख’चे ‘नो’ आणि ‘एटवास’चे ‘एबस’. म्हणूनच ‘बिस्ट’ऐवजी ‘बिश’ ऐकू येईल. शिवाय ‘निश्ट’ऐवजी ‘नेट’ ऐकू येईल. त्यांना ‘नाइन, डांकऽ, दास वार्स’ असे सांगा, म्हणजे ‘नाही, एवढेच’.

वेळेबाबत जपा. ‘ड्राय’ म्हणजे तीन. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे अडीच आणि ‘ड्रायफिअर्टल ड्राय’ म्हणजे पावणेतीन, इथवर मराठी माणसाला जड नाही. पण इथे ‘फिअर्टल ड्राय’ म्हणजे सव्वादोन. मी ते सव्वातीन समजून दातांच्या डॉक्टरांकडे तासभर उशिरा पोहोचले होते.

मास्तरांच्या देवनागरीबद्दल एक शंका आहे: ‘शोन’ (आधीच) आणि ‘श्योन’ (छान) यांतला फरक आपल्या लिपीत नीट उतरत नाही, त्यासाठी काही खूण ठरवून घ्यावी. बाकी माझा अनुभव असा, की एका दुकानात विचारले जाणारे प्रश्न पाच-सहाच असतात. घरातून निघण्यापूर्वी ते मुलीकडून इथल्या उच्चारात म्हणवून घ्या. काय विचारले जाणार हे माहीत असले, की अर्धे काम कानाला करावेच लागत नाही.

श्रवण

कानांची तपासणी एकदा करून घ्यावी. वय वाढताना बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात, आणि स, श, फ हे ध्वनी त्याच पट्टीत येतात. मराठीत सुटलेला ध्वनी आपण संदर्भाने भरून काढतो, त्यामुळे उणीव जाणवत नाही. नव्या भाषेत भरायला तसे भांडवल नसते. ऑडिओमेट्रीला फारसा वेळ लागत नाही.

सांगलीकर आजी

सर्वांचे आभार. तपासणीची वेळ घेतली आहे आणि ती सव्वादोनची की सव्वातीनची हे दोनदा विचारून घेतले आहे. आज बेकरीत ‘दास वार्स’ म्हटले आणि पिशवीत मागितले तेवढेच पाव आले. निघताना बाई आणखी काहीतरी म्हणाल्या, ते दारातच पावतीच्या मागे देवनागरीत उतरवले: ‘शेने दाक नो’. ‘दाक’ म्हणजे ‘टाग’, दिवस. ‘नो’ म्हणजे ‘नॉख’. तेव्हा ‘शेने’ हे ‘श्योनन’ असावे. उरलेला दिवस चांगला जावो, असेच ना?