पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई नको

भाऊ, नागपुरातल्या बर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून आल्यापासून पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले म्हणता ना, मग कुणी पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून टाका, असं सुचवलं असलं तरी ते आधी थांबवा. फायली गेल्या नाहीत, लपवल्या आहेत. शॉर्टकट उघडला की व्हायरसच चालू होतो, त्याला हात लावू नका. पीसीत तो शिरला असेल तर कोरा पेनड्राइव्हही लावताक्षणी बाटणार.

म्हणून आधी पीसी. विंडोजसोबतच येणाऱ्या विंडोज सिक्युरिटी या सुरक्षा ॲपमधल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोजच्या बाहेरूनच तपासणी होते, साधारण 15 मिनिटं. (लाइट जायची वेळ टाळा बाप्पा!) मग पेनड्राइव्ह स्कॅन करा, फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची टिक काढा. बऱ्याचदा बिननावाचा एक फोल्डर दिसतो, सगळा माल त्यातच असतो.