आधी बाटली सोडवायची की आधी मनातलं काढायचं?

कृष्णाकाठ:
दादा मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आला. आधीच्या दोन्ही वेळा गोळ्या झाल्या, लेक्चरं झाली, वजनपण वाढलं, आणि एकदा गणपतीत अन् एकदा चुलत बहिणीच्या वरातीत स्लिप झाला, म्हणजे परत प्यायला. यावेळी काउन्सेलरने पहिल्यांदाच अण्णांबद्दल विचारलं. अण्णा गेले तेव्हा दादा एकवीसचा, अग्नी देण्यापासून तेराव्यापर्यंत सगळं त्यानेच केलं आणि एकदाही रडला नाही, पाहुणे कौतुक करत होते की पोरगं खंबीर आहे. तेराव्याच्या रात्री गच्चीवर मित्रांनी पाजली ती पहिली. माझं मत असं झालंय की आपण नुसती दारू सोडवत बसतो, ती ज्यासाठी धरली ते तसंच आत राहतं. पटतंय का कुणाला?

चटणीभाकर:
नाही पटत, सॉरी. माझा नवरा चौदा वर्षं पितोय आणि आता कुठलेतरी व्हिडिओ बघून त्याला कळलंय की त्याचं लहानपण वाईट गेलं. सासरे पट्ट्याने मारायचे हे खरंय, पण त्याच घरात दीर वाढले, ते सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत! हल्ली भांडण झालं की म्हणतो मला ट्रॉमा आहे. तांदळाच्या डब्यातली चपटी मीच शोधायची आणि ट्रॉमापण मीच समजून घ्यायचा का

अर्धवट_शास्त्रज्ञ:
ताई, दीर सुटले म्हणून मार लागलाच नाही असं होत नाही ना. अमेरिकेत सॅन दिएगोला 1995 ते 97 मध्ये 17 हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, घरात दारुडा, आईला मार वगैरे. 1998 च्या पहिल्या पेपरात असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांना व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट निघाला. धोका म्हणजे सगळेच पितात असं नाही, पण योगायोगपण नाही.

खडूस_काका:
मग व्हिएतनामचं काय? तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास 20 टक्के हेरॉइनच्या आहारी गेलेले, घरी परतल्यावर वर्षभरात त्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा अडकले. त्या सगळ्यांचं लहानपण विमानात दुरुस्त झालं का? जागा बदलली, माल हाताशी राहिला नाही, संपलं. दादाला गाव सोडायला लावा, मित्र तोडा.

अर्धवट_शास्त्रज्ञ:
काका युद्धपण मागे राहिलं की, ते कुठे धरलंत तुम्ही. इथे अण्णा गेलेत ते दादा मुंबईला गेला तरी गेलेलेच राहणार.

सात_वाजता:
मी अल्कोहोलिक, नऊ वर्षं सोबर. चटणीभाकर ताईंचं आधी ऐका, पीत असलेल्या माणसाशी मूळबीळ बोलून उपयोग नाही, मीच बापाच्या नावावर कितीतरी क्वार्टर मारल्यात. सेंटरमध्ये पहिले दिवस फॉर्मवर सही जमत नव्हती, चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचो तरी अर्धा बनियनवर. आधी शरीर. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची घरीच एकदम बंद करू नका, फिट येते, भास होतात, जीवसुद्धा जातो, डॉक्टर पाहिजेच. पण सोडून वर्ष झाल्यावरही संध्याकाळी सात वाजले की मला कुणाचातरी गळा धरावासा वाटायचा, सातला बाप कामावरून यायचा हे एका मीटिंगमध्ये शेअरिंग करताना माझ्याच तोंडून निघालं आणि मीच गप्प झालो. म्हणजे कृष्णाकाठ चूक नाहीये, फक्त घाई करतोय. ताई, तुम्ही स्वतःसाठी जा कुठेतरी. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचट पती-पत्नींनी 1986 ला सुरू केलेलं, तिथे पेशंटच्या बायकांचा सहचरी गट आहे. नवरा येवो न येवो.

चटणीभाकर:
बघते. माझ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं आजपर्यंत, असो.

कृष्णाकाठ:
काल दादा कपाट उघडून अण्णांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसला होता, नुसता बसला होता. आईने हातातून ओढून घेतला, म्हणाली नको ते आठवू, परत पिशील. मी दारातच उभा, कुणाच्या बाजूने बोलू कळेना

चटणीभाकर:
स्वेटर द्या त्याला परत. एटीएम कार्ड मात्र तुमच्याकडे ठेवा.