‘पंच-ड्रंक लव्ह’ : दारे फोडणाऱ्या नायकाच्या प्रेमकथेवर हसायचे कसे?

कोथरूडकर
गेल्या शनिवारी एका मित्राच्या घरी आम्ही आठ जणांनी पॉल थॉमस अँडरसन यांचा ‘पंच-ड्रंक लव्ह’ (२००२) पाहिला आणि दीड तासाच्या या चित्रपटावरून पुढे दोन तास वाद घातला. कथा थोडक्यात अशी : सात बहिणींचा एकुलता भाऊ बॅरी (ॲडम सँडलर) एका गोदामातून घाऊक व्यापार करतो, एकटेपणापायी एका रात्री पैसे मोजून एका अनोळखी बाईशी फोनवर बोलतो, त्यावरून खंडणीखोर त्याच्या मागे लागतात आणि त्याच सुमारास बहिणीच्या ओळखीची लीना (एमिली वॉटसन) त्याच्या आयुष्यात येते. आपल्याकडे सात बहिणींचा भाऊ म्हणजे नवसाचा लाडोबा. याला मात्र बहिणी कामाच्या वेळीही फोन करकरून टोचत राहतात, त्यामुळे माझी सहानुभूती सुरुवातीला सगळी त्याच्याच बाजूने होती. परंतु एका बहिणीच्या वाढदिवसाला तो काचेची दारे लाथांनी फोडतो, आणि पुढे लीनाबरोबर जेवायला गेला असता तिने त्याच्या लहानपणचा किस्सा काढला एवढ्यावरून उठून हॉटेलचे स्वच्छतागृह मोडून येतो व मालकाने विचारताच कानांवर हात ठेवतो. विनोदी म्हणून लावलेला चित्रपट पाहताना माझ्या पोटात गोळा आला. असा जावई आपल्या घरात कोणाला चालेल?

पेटीवाला
पोटात गोळा यावा हीच दिग्दर्शकाची इच्छा असावी. गोदामातल्या प्रसंगात एकीकडे बहीण, एकीकडे लीना आणि मध्येच वाजणारा फोन, अशा गोंधळात जॉन ब्रायन यांचे तालवाद्यांचे संगीत संवादांच्या अंगावर चढत जाते. बॅरीच्या डोक्यात दिवसभर काय चालते ते आपल्याला तिथे कानांनी कळते. शिवाय हा माणूस मदत मागत नाही असेही नाही. दंतवैद्य असलेल्या बहिणीच्या नवऱ्याला तो बाजूला घेऊन सांगतो की मला कधी कधी स्वतःचाच तिटकारा येतो, यावर काही करता येईल का. आणि तो बिचारा म्हणतो, अरे, मी दातांचा डॉक्टर आहे. मी इथे हसलो आणि लगेच हसल्याबद्दल ओशाळलो.

आणि ती पेटी, म्हणजे हार्मोनियम! सुरुवातीलाच एक गाडी येते, रस्त्याकडेला पेटी ठेवते आणि निघून जाते. बॅरी ती उचलून टेबलावर आणतो आणि भात्याचे भोक चिकटपट्टीने बुजवतो. माझ्या वडिलांचे आयुष्य पेट्या दुरुस्त करण्यात गेले. भाता गळका असला की कितीही हवा भरली तरी स्वर टिकत नाही आणि वाजवणारा पेटीवरच चिडतो. बॅरीचा संताप मला त्या जातीचा वाटला. (आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दाराबाहेर ठेवले होते, तेव्हा रस्त्यावर टाकलेल्या पेटीविषयी मला अंमळ जास्तच माया असेल, हे कबूल.)

तिसरी घंटा
पेटीचे तुमचे निरीक्षण आवडले, पण भात्याची भोके मोजताना लीना तुमच्या नजरेतून पूर्ण सुटली. खंडणीखोरांची गाडी या दोघांच्या गाडीवर आदळते, लीनाच्या डोक्यातून रक्त येते, आणि बॅरी तिला रुग्णालयात तशीच सोडून गादीच्या दुकानामागून खंडणीचा धंदा चालवणाऱ्या माणसाला जाब विचारायला थेट यूटा राज्यात निघून जातो. प्रेमामुळे अंगात बळ आले, असे तो तिथे ठणकावून सांगतो. पण हे बळ ज्या बाईमुळे आले, ती रुग्णालयात असताना तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीही नव्हते. ज्यांनी आपल्या माणसाच्या उशाशी एक रात्र जरी काढली आहे, त्यांना हे शौर्य पटणार नाही.

पेटीवाला
रुग्णालयाचा मुद्दा मान्य आहे, मी तो सोयीस्करपणे विसरलो होतो. मात्र लीनाला बाहुली समजू नये. कुटुंबाच्या फोटोत बॅरीला पाहून, गाडी दुरुस्तीला टाकण्याचे निमित्त करून ती आपणहून त्याच्या दारात आलेली आहे. निवड तिची आहे, त्याची नव्हे.

मोडीचा हिशेब
हाणामारीइतकीच पुडिंगचीही चर्चा व्हावी. पुडिंगच्या वेष्टनांवर विमानप्रवासाचे मैल (म्हणजे पुढे फुकट विमानप्रवासासाठी वापरता येणारे गुण) मिळण्याच्या योजनेतली पळवाट बॅरी शोधून काढतो, हे अनेकांना अतिरंजित वाटते, परंतु १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने खरोखर १२,००० हून अधिक डबे सुमारे ३,००० डॉलरना घेऊन साडेबारा लाख मैल मिळवले होते. वेष्टने सोलून देण्याच्या मोबदल्यात पुडिंग त्याने एका धर्मादाय संस्थेला दिले आणि त्या दानावर करसवलतही घेतली. आमच्या सदाशिव पेठेत त्याचा जाहीर सत्कार झाला असता.

कोथरूडकर
पुडिंगवरून आठवले. शेवटी बॅरी पेटी उचलून लीनाच्या दारात जातो, रुग्णालयातून निघून गेल्याची माफी मागतो, त्या फोनचीही कबुली देतो आणि म्हणतो की मैल हातात पडायला सहा ते आठ आठवडे लागतील, तेवढे थांबलीस तर तू कामासाठी जाशील तिथे मीही येईन. आमच्या सौभाग्यवती इथे मोठ्याने हसल्या आणि मला म्हणाल्या, “बघा, माफीबरोबर तारीखही सांगतोय.” आमच्या घराच्या गळक्या नळाचा विषय तेव्हा निघाला आणि तिथेच राहिला. जावई म्हणून माझा नकार अजूनही कायम आहे. फक्त गोदामाचा तो प्रसंग येत्या शनिवारी आवाज वाढवून पुन्हा पाहणार आहे.