ग्रामीण विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीचा परिणाम कसा मोजावा? मदत हवी आहे

नमस्कार. दादरमधील आम्ही काही मित्रमंडळी गेली 4 वर्षे पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याच्या 3 शाळांतील मुलांना वह्या, दप्तरे आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी साहाय्य देत आहोत. वाटलेल्या वस्तूंचा हिशेब आमच्याकडे चोख आहे. मुलांना त्यातून काय मिळाले याचा मात्र नाही, आणि ही उणीव मला फार सलते.

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 साली सुरू झालेल्या 'असर' पाहणीत मुलांच्या घरी जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन, तर हातच्याची वजाबाकी व भागाकार यांतून गणित तपासले जाते. अशीच चाचणी जूनमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये घ्यावी, असा विचार आहे. अडचण अशी की, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मार्चमध्ये वर्गात सापडतील ती बहुधा गावातच राहिलेली मुले असतील आणि केवळ त्यांच्या गुणांची सरासरी आमच्या कामाला फसवे श्रेय देईल.

शिवाय मूल वर्षभरात एरवीही काही शिकतेच, म्हणून मदत न मिळालेल्या शाळेशी तुलना हवी. पण चाचणी घेऊन त्या मुलांना रिकाम्या हाताने सोडणे मनाला पटत नाही. पुढील वर्षी ज्या शाळेत आमचे अभ्यासवर्ग सुरू होणार आहेत, तिच्याशी यंदा तुलना करणे कितपत ग्राह्य ठरेल? स्थलांतरित मुलांचा माग कोणी, कसा ठेवला आहे? प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.